बाहेर पडा सगळे मिळून, फोन घेऊनच : घरच्यांसोबतच्या साध्या फेरीसाठी मार्गदर्शन

घरातले चौघं एकत्र बाहेर पडतात, एकत्रच परत येतात आणि मधला बराचसा वेळ जो तो आपापल्या पडद्यात डोकं घालून असतो. कुणाचं भांडण नसतं, कुणी रुसलेलं नसतं. तरी रात्री ‘आज काय काय बोललो आपण?’ असं विचारलं, तर सांगण्यासारखं फारसं काही निघत नाही. हे बदलावंसं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

फोन घरी ठेवून जा, असा सल्ला मी देणार नाही. नकाशा, तिकीट, पैसे, डॉक्टरांचा नंबर, घरी एकट्या थांबलेल्या आजीचा आवाज, हे सगळं आता फोनमध्येच आहे. तो घरी ठेवला की सगळ्यांचा अर्धा जीव घरीच राहतो आणि पुढच्या वेळी कुणी यायला तयार होत नाही. माझं म्हणणं असं आहे: निघण्याआधीची आणि परतल्यानंतरची कामं फोनकडून भरपूर करून घ्यावीत, मधल्या वेळात तो एकाच्याच हातात असावा, आणि जे सोबतच्या माणसाला विचारता येतं ते फोनला विचारू नये. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघाल्या आहेत.

याला थोडा आधारही आहे. रायन ड्वायर, कोस्टादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीनशेहून जास्त लोकांना त्यांनी आपल्या मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर बाहेर जेवायला बसवलं. काही गटांचे फोन टेबलावर होते, काहींचे दूर ठेवलेले. फोन जवळ असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि त्यांना त्या वेळाची मजाही थोडी कमी आली. फरक फार मोठा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. फोनमुळे नाती तुटतात वगैरे काही त्यातून सिद्ध होत नाही. पण घरच्यांबरोबर मिळणारा वेळ मुळातच थोडा असेल, तर त्यातला थोडासा भागही हातचा जाऊ देण्यासारखा नाही.

पहिली पायरी : छोटी फेरी निवडा

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण मोठी सहल ठरवतात. तिथेच गाडी अडते. मोठ्या सहलीत खर्च असतो, सामान असतं, वेळापत्रक असतं, आणि ‘आज मजा आलीच पाहिजे’ हे ओझं सगळ्यांच्या डोक्यावर असतं. त्यापेक्षा जे काम तुम्हाला नाहीतरी करायचंच आहे, तेच निवडा. वाचनालयात पुस्तक बदलणं, चष्मा दुरुस्तीला टाकणं, आजोबांना तपासणीला नेणं, कुणाला बसपर्यंत सोडायला जाणं, संध्याकाळचा फेरफटका. एरवी एकटा माणूस जाऊन आला असता, तिथे दोघं-तिघं जा.

माणसं कमी असली तर बरं. आठ जण निघाले की त्यातल्या दोघांचंच बोलणं होतं, बाकीचे मागे चालत राहतात. दोघं किंवा तिघं असले की कुणालाही बाजूला पडता येत नाही. घरात माणसं जास्त असतील तर जोड्या बदलत राहा: एकदा आजी आणि नातू, एकदा बाप-लेक, एकदा नणंद-भावजय. ज्या दोघांचं घरात एरवी फारसं बोलणं होत नाही, त्यांची जोडी सगळ्यात फळते असं मला वाटतं.

आणि शक्य असेल तिथे चाला. चालताना दोघंही समोर बघत असतात, नजरेला नजर भिडवावी लागत नाही, हाताला-पायाला काम असतं. अवघड विषय असे शेजारी-शेजारी चालताना सहज निघतात. वयात आलेली मुलं तर समोर बसवून ‘काय चाललंय तुझं?’ विचारलं की गप्प होतात, आणि तीच मुलं परतीच्या वाटेवर आपणहून सांगायला लागतात.

दुसरी पायरी : निघण्याआधी दहा मिनिटं फोनला द्या

बाहेर असताना हात फोनकडे का जातो, याची कारणं बघितली तर त्यातली बरीचशी घरीच मिटवता येतात.

रस्ता माहीत नसेल तर नकाशातला तेवढा भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे; मग रेंज गेली तरी कुणी वैतागत नाही. तिकिटं, भेटीची वेळ, केसपेपर यांचे स्क्रीनशॉट एकाच फोनमध्ये एकत्र ठेवा. बॅटरी बघून घ्या.

मग आवाज बंद करा, पण पूर्ण नाही. ‘आवश्यक फोन चुकेल’ या भीतीनेच माणूस सारखा पडदा तपासत असतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय आहे, आणि तिच्यात ठरावीक माणसांचे फोन येऊ देता येतात. घरी थांबलेली आई, पाळणाघर, ऑफिसमधला एखादा सहकारी, एवढीच नावं त्यात घाला. आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते: त्याच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असं सेटिंगमध्ये निवडता येतं. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांची. घरच्यांना सांगून ठेवा, ‘अडचण असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा.’ एवढ्याने जिवाला स्वस्थता येते, आणि ती आल्याशिवाय बाकीच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

घरी राहिलेल्यांना काळजी असते. ‘पोचलात का?’, ‘निघालात का?’ असे त्यांचे फोन प्रेमापोटीच येतात, पण त्याने इकडचं बोलणं तुटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१७ पासून लाइव्ह लोकेशन पाठवता येतं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असे पर्याय असतात. निघताना एकदा ते पाठवा. घरी बसलेल्या माणसाला नकाशावर तुमचा ठिपका सरकताना दिसतो आणि त्याचाही जीव रमतो. फक्त ते कसं बघायचं, हे त्या माणसाला आधी नीट दाखवून ठेवा.

सोबत वयस्कर माणूस असेल तर त्याच्या फोनच्या लॉक स्क्रीनवरून दिसेल अशी वैद्यकीय माहिती आणि तातडीचा संपर्क भरून ठेवा. हे एकदाच करायचं काम आहे.

तिसरी पायरी : फोन एकाच्या हाती

प्रत्येक फेरीला एक ‘फोनवाला’ ठरवा. रस्ता बघणं, तिकीट दाखवणं, पैसे देणं, फोटो काढणं, कुणाला काही कळवणं ही सगळी त्याची जबाबदारी. बाकीच्यांचे फोन पिशवीत, खिशात नाही. खिशातला फोन मांडीला लागत असतो आणि हात आपोआप तिकडे जातो.

फोनवाल्याने नकाशा मनातल्या मनात बघायचा नाही, मोठ्याने सांगायचा: ‘पुढच्या चौकात डावीकडे, मग एक पूल लागेल.’ बाकीचे आजूबाजूला बघून सांगतात, ‘हा बघ आला पूल.’ असं झालं की नकाशा सगळ्यांचा होतो.

ही पाळी फिरती असू द्या आणि तिच्यातून कुणाला वगळू नका. दहा वर्षांच्या मुलीकडे फोन आला की ती मोठ्यांना वाट दाखवते. ज्यांचं रोज ऐकावं लागतं ते आज आपलं ऐकतायत, हा अनुभव तिच्यासाठी फार मोठा असतो. आणि आजीची पाळी आली की थोडा वेळ लागतो. तो लागू द्या.

इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला फोन शिकवताना आपण सगळे एकच गोष्ट करतो: ‘दे इकडे, मी करतो,’ म्हणून फोन हातातून काढून घेतो. काम पटकन होतं, पण ते माणूस एक पाऊल मागे सरकतं आणि पुढच्या वेळी विचारायलाही संकोचतं. म्हणून नियम करा की आजीच्या हातातला फोन कुणीही घ्यायचा नाही. फक्त तोंडाने सांगायचं: ‘खाली हिरवं बटण दिसतंय का? त्यावर हलकेच बोट टेकव.’ चुकीचं बटण दाबलं गेलं तर परत मागे कसं यायचं, ते सगळ्यात आधी शिकवा, कारण भीती बिघडवण्याची असते. बोट कोरडं पडल्यामुळे पडदा दाद देत नसेल, अक्षरं बारीक असतील, तर ती फोनची अडचण आहे, आजीची नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. रांगेत उभं राहून तिकिटाच्या यंत्रावर आजीने स्वतः तिकीट काढलं, तर त्या दिवशी घरी आल्यावर ती ते सगळ्यांना सांगते. अशा शिकण्यात नातवाला आजीजवळ उभं राहायला निमित्तही मिळतं.

फोनवाला नसलेल्या कुणाला मध्येच फोन काढावा लागला, तर त्याने कारण मोठ्याने सांगायचं: ‘ऑफिसचा निरोप आहे, दोन मिनिटं.’ हे फार महत्त्वाचं आहे. वर्तमानपत्र वाचणारा माणूस काय करतोय हे शेजारच्याला दिसतं. फोनमध्ये बघणारा माणूस औषधाची वेळ बघतोय की उगाच वर-खाली सरकवतोय, हे बाहेरून कळत नाही. दोन्ही वेळा चेहरा सारखाच दिसतो, निर्विकार. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग इथे आठवतो. आई बाळाशी हसत-खेळत असते, मग थोडा वेळ ती समोर बसूनही चेहरा अगदी स्थिर ठेवते, प्रतिसाद देत नाही. बाळ हसून बघतं, हात पसरतं, आवाज काढतं, आणि काहीच घडलं नाही की हिरमुसून तोंड फिरवतं. त्या प्रयोगात फोन नव्हता, तेव्हा तो होताही कुठे. पण समोर असूनही प्रतिसाद न देणारा चेहरा माणसाला किती टोचतो, हे त्यातून दिसतं. मोठी माणसं हात पसरत नाहीत, इतकंच. म्हणून दोन शब्दांत सांगून टाकायचं.

काहींना मात्र हा नियम लावू नका. ज्यांच्या श्रवणयंत्राचं नियंत्रण फोनवर आहे, ज्यांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा सेन्सरवरून फोनवर येतो, ज्यांना गर्दीत घाबरायला होतं आणि फोन हातात असला की धीर वाटतो, त्यांचा फोन त्यांच्याकडेच राहील.

चौथी पायरी : वाट बघण्याचा वेळ सांभाळा

सगळ्या फेरीत खरी संधी इथे आहे. बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, दुरुस्तीवाला ‘अर्ध्या तासाने या’ म्हणतो तेव्हा. हातात काम नाही, जायला जागा नाही, शेजारी आपलंच माणूस. पूर्वी अशा वेळी नाइलाजाने का होईना, बोलणं व्हायचं. आता तो नाइलाज उरलेला नाही, म्हणून ते ठरवून करावं लागतं. सुरुवातीला कृत्रिम वाटेल. वाटू द्या.

पहिला नियम : शोधण्याआधी अंदाज. चालता-चालता प्रश्न पडतातच. तो पक्षी कुठला? ही इमारत किती जुनी असेल? सिग्नल किती सेकंदांचा असतो? प्रश्न पडला की फोनवाल्याने लगेच शोधायचं नाही. आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, आणि अंदाजाचं कारणही. ‘खिडक्यांच्या कमानी बघ, म्हणजे जुनीच असणार.’ ‘पण जिना नवा दिसतोय.’ आजोबा म्हणतात, ‘मी लहान असताना इथे काहीच नव्हतं,’ आणि तिथून भलतीच गोष्ट सुरू होते. उत्तर शेवटी बघा, किंवा घरी गेल्यावर बघा. पटकन मिळालेलं उत्तर बोलणं संपवतं. अंदाजाला मात्र सगळ्यांचा हातभार लागतो, ज्याला काहीच माहीत नाही त्याचाही.

दुसरं, प्रश्न नेमके विचारा. ‘शाळा कशी चाललीय?’ याला ‘बरी’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज वर्गात सगळ्यात मोठ्याने कोण हसलं?’ विचारून बघा. वडिलांना ‘तब्येत कशी?’ हे रोज विचारून होतं. ‘तुम्ही पहिल्यांदा एकट्याने प्रवास केलात तेव्हा कुठे गेला होतात?’, ‘तुमच्या पहिल्या नोकरीत शेजारी कोण बसायचं?’, ‘आईने तुम्हाला कधी खूप रागे भरलं होतं?’ असे प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारलेलेच नसतात. उत्तर आलं की लगेच आपली गोष्ट सुरू करू नका. आणखी एक प्रश्न विचारा: ‘मग?’ एवढाही पुरतो.

मुलं सोबत असतील तर खेळ लागतात. एकाने एक वाक्य सांगायचं, दुसऱ्याने पुढचं जोडायचं, अशी गोष्ट वाढवत न्यायची. डोळे मिटून किती वेगवेगळे आवाज येतात ते मोजायचं. मनातली वस्तू हो-नाही उत्तरांवरून ओळखायची. साधने लागत नाहीत आणि रांग पुढे सरकली तरी खेळ मोडत नाही.

आणि गप्प बसणंही चालतं. दोघं जण शेजारी बसून रस्ता बघत असतील, तर मध्ये काही घालायची घाई करू नका.

पाचवी पायरी : वाटेतल्या माणसांशी दोन शब्द

घरच्यांबरोबर बाहेर पडलो तरी आपण एकटे नसतो. सुरक्षारक्षक असतो, वाहक असतो, काउंटरमागे कुणी असतं, बाकावर शेजारी कुणी बसलेलं असतं. त्यांच्याशी बोलणं टाळायची सोय फोनने करून दिली आहे.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. गप्प बसणंच सुखाचं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. त्याच वर्षी जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी एका कॉफीच्या दुकानात बघितलं: विक्रेत्याकडे बघून हसलेल्या, दोन शब्द बोललेल्या गिऱ्हाइकांना, झटपट काम उरकणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं.

करायचं काय, तर रस्ता नकाशाला विचारायच्या ऐवजी एकदा माणसाला विचारा, नकाशा उघडा असला तरी. घाई नसेल तेव्हा यंत्राकडे न जाता माणूस बसलेल्या खिडकीकडे जा. बोलताना कानातले हेडफोन दोन्ही काढा. एकच काढला की समोरच्याला आपण अर्धेच आहोत हे कळतं. नावाची पट्टी लावलेली असेल तर नाव घेऊन आभार माना. उत्तर तुटक आलं तर हसून पुढे जा, त्या माणसाचा दिवस कसा चाललाय ते आपल्याला माहीत नसतं. मुलांना मात्र एवढं शिकवा की अनोळखी माणसाशी बोलायचं ते आपलं मोठं माणूस शेजारी असताना. मुलं हे सांगून कमी आणि बघून जास्त शिकतात.

सहावी पायरी : आधी बघा, मग फोटो

फोटोला माझा विरोध नाही. वर्षांनी तेच हाती राहतात. पण क्रम महत्त्वाचा आहे. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या काही वस्तू लोकांनी नुसत्या बघितल्या, काहींचे फोटो काढले. फोटो काढलेल्या वस्तू नंतर कमी आठवल्या. गंमत म्हणजे, ज्यांनी वस्तूचा एखादा तपशील जवळून टिपला होता त्यांची आठवण शाबूत होती. पुढे २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका संशोधनात, आपल्या मनाने काय टिपायचं ते ठरवून फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त आठवलं, पण ऐकलेलं कमी. दोन्ही एकत्र बघितली तर धडा सोपा आहे: सरसकट क्लिक करत सुटू नका, काय टिपायचं ते ठरवा, आणि कुणी बोलत असताना कॅमेरा खाली ठेवा.

जागेवर पोचल्यावर थोडा वेळ कुणीच फोन काढायचा नाही. मग फोनवाल्याने मोजके फोटो काढायचे. सगळे दिसतील असा एक फोटो कुणा अनोळखी माणसाला काढायला सांगा. नाहीतर घरातलं एक माणूस कायम कॅमेऱ्यामागेच राहतं आणि बहुतेक घरांत ते नेहमी तेच असतं. काढलेले फोटो तिथल्या तिथे बघत बसू नका. कुठे टाकायचे असतील तर घरी गेल्यावर, आणि फोटोतल्या प्रत्येकाला विचारून. मुलांनाही विचारा.

फोटोपेक्षा आवाजाला लोक कमी जपतात. आजोबा एखादी गोष्ट रंगून सांगत असतील, तर त्यांना विचारून फोनवर ती रेकॉर्ड करा, तारीख आणि विषय लिहून ठेवा.

सातवी पायरी : न आलेल्यांना सोबत घ्या

अंथरुणाला खिळलेली आत्या, परगावी शिकणारा मुलगा, गुडघ्यांमुळे जिना उतरू न शकणारी आजी. यांच्यासाठी हाच फोन खिडकी होतो, आणि तंत्रज्ञानाचं मोल मला सगळ्यात जास्त इथे जाणवतं.

व्हिडिओ कॉल करताना आपला चेहरा दाखवत बसू नका, मागचा कॅमेरा लावा. आत्याला आपला चेहरा पाठ आहे, तिला झाड बघायचंय, रस्ता बघायचाय. फोन छातीजवळ दोन्ही हातांनी धरून सावकाश चाला, नाहीतर बघणाऱ्याला गरगरतं. कॉल छोटा ठेवा. आणि त्यात एक तरी निर्णय त्यांच्यावर सोपवा: ‘हा रंग घेऊ की तो?’, ‘डावीकडच्या वाटेने जाऊ की उजवीकडच्या?’ नुसतं बघणं आणि ठरवणं यात फार अंतर आहे.

व्हिडिओ जमत नसेल तर साधा फोन करा. नुसता मेसेज पाठवून थांबू नका. लेस्ली सेल्ट्झर यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेल्या अभ्यासात ताणाखाली असलेल्या मुलींना आईशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलल्यावर शरीरात दिलासा मिळाल्याच्या खुणा दिसल्या, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालं. लिहून बोललेल्या मुलींमध्ये ते दिसलं नाही. आवाजातच काहीतरी असतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मात्र उलट: अँड्रॉइडवर २०१९ पासून लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप आहे, समोरचा बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटतं. गोंगाटात शब्द चुकतात, म्हणून एका वेळी एकानेच बोला. कमी ऐकू येणारं माणूस घोळक्यात हळूहळू बोलणं सोडून देतं. ते परत बोलतं झालेलं बघण्यासाठी एवढी शिस्त पाळावी.

मुलांबद्दल थोडं

अगदी लहानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: दोन वर्षांपर्यंत बसून पडदा बघणं नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, आणि जितकं कमी तितकं चांगलं. बाहेर जाताना पिशवीत वही, रंगीत खडू, एखादं जुनं खेळणं ठेवा. लांबचा प्रवास असेल, मूल फारच कंटाळलं असेल आणि फोन द्यावाच लागला, तर शेजारी बसून सोबत बघा.

मोठ्या मुलांना उपदेश नको. जागा त्यांना निवडू द्या. त्यांच्या फोनमध्ये त्यांना काय आवडतं ते एकदा दाखवायला सांगा आणि खरोखर बघा. आणि नियम सगळ्यांना एकच ठेवा. बाबांचं काम महत्त्वाचं आणि मुलाचा मित्र बिनमहत्त्वाचा, असं झालं की मुलं दुसऱ्या फेरीला येत नाहीत.

जमलं नाही तर

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत कुणीतरी चिडचिडेल, कुणी घुम्यासारखं बसेल. रागावू नका, टोमणे मारू नका, ‘बघ, फोन नसला की कसा तोंड पाडून बसतोस’ असं तर मुळीच म्हणू नका. फेरी लहान करा. त्या माणसाला पुढच्या वेळी फोनवाला करा. कधी कधी अडचण फोनची नसतेच. त्या माणसाला काहीतरी सलत असतं आणि फोन ही त्याची लपायची जागा असते. अशा वेळी दोघांनीच बाहेर जा आणि सुरुवातीला काहीही विचारू नका.

परतल्यावर

रात्री सगळे एकत्र बसून त्या दिवसाचे फोटो मोठ्या पडद्यावर बघा, नसेल तर एकाच फोनवर. सारखे सारखे आलेले फोटो तिथेच पुसून टाका. कुठला ठेवायचा यावरून मस्त वाद होतात. जे राहतील ते सगळ्यांच्या सामायिक अल्बममध्ये टाका, आणि न आलेल्यांनाही त्या अल्बममध्ये घ्या. फोटोखाली माणसांची आणि जागेची नावं लिहा, विशेषतः जुनी माणसं ज्या नावांनी ती जागा ओळखतात ती. दिवसभरात अंदाजावर सोडलेले प्रश्न आता शोधा आणि कुणाचा अंदाज जवळ होता ते बघा.

मग उठण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये दिसेल अशा कॅलेंडरवर पुढची फेरी टाका: दिवस, काम, कोण कोण जाणार, आणि फोनवाल्याची पाळी कुणाची.